बदलीचा ‘ब’

लतिकाचा फायदा काय होता, ते आधीच सांगून टाकू. म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बाई भोळी होती, म्हणून घाबरली.

फायदा एकच. तिच्या मेलेल्या बापाचं नाव एका यादीत लागणार होतं.

घडलं तसंच सांगणार आहे, पदरचं काही नाही. लतिका माझी सख्खी आत्या. तिचे वडील भिवा म्हणजे माझे आजोबा. साल २००१, नोव्हेंबर महिना. जागा परळ, भोईवाडा, चाळीच्या तळमजल्यावरची दहा बाय दहाची खोली. आणि रात्र नव्हे. अशा गोष्टींना रात्र लागते असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते...

हे सगळं भरदुपारी झालं. शेजारच्या गंगुबाई दारात वाल सोलत बसलेल्या असताना.

ब्याऐंशीच्या संपानंतर आजोबांच्या गिरणीने कोणाला परत घेतलं नाही. वीसेक वर्षांनी बोलवा उठली की गिरणीच्या जमिनीवर कामगारांना घरं मिळणार. लगेच समिती निघाली. समितीचे अध्यक्ष अण्णा. हे गृहस्थ गिरणीत हजेरी कारकून होते, आणि गिरणी बंद पडताना सगळे घरी रिकाम्या हाताने गेले तेव्हा हे हजेरीपट काखेत मारून गेले. दूरदृष्टीचा माणूस.

लतिका मराठी टायपिंग करायची. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, अर्ज. अण्णांनी हजेरीपट तिच्यापुढे टाकला. सोमवारपर्यंत यादी हवी.

पटात प्रत्येक नावापुढे एक अक्षर होतं. ‘क’ म्हणजे कायम. ‘ब’ म्हणजे बदली.

बदली म्हणजे कायमवाला आला नाही, तर एका पाळीपुरता त्याच्या जागी घ्यायचा माणूस. रोज गेटवर रांगेत उभं राहायचं. नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी. भिवा अकरा वर्षं बदलीच राहिला. संपात मात्र कायमवाल्यांच्या बरोबरीने उतरला, आणि चौऱ्याण्णव साली गेला.

‘ब’वाले सगळे गाळायचे, असं अण्णांनी बजावलं. यादी जेवढी लांब, तेवढं आपलं घर लांब.

लतिकाने मान वर करून पाहिलं. अण्णांना ते अपेक्षितच होतं. त्यांनी पान उलटलं, भिवाच्या नावावर बोट ठेवलं आणि खिशातलं पेन काढलं.

“हे बघ पोरी. ‘ब’ला उजवीकडून गळासारखा एक आकडा काढला की ‘क’ होतो.”

आणि काढला. निळ्या शाईत.

लतिकाने पट आपल्याकडे ओढला. तोच तिचा होकार.

एवढ्या यादीला तिचा कॉम्प्युटर पुरणारा नव्हता. म्हणून रघुला बोलावलं. रघु त्याच गिरणीत वायरमन होता. संपानंतर आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असा पोट नेईल तिथे शिकत गेलेला मालवणी माणूस. त्याने नवी रॅम बसवली, प्रोसेसरवर नवा पंखा लावला आणि म्हणाला, आता घोडा झाला.

दुसऱ्या दिवशी घोडा उभ्याउभ्या थिजला.

कर्सर हलेना. तीन बटणं एकदम दाबली, काही नाही. बंद करून चालू केला, तर पुन्हा सुरळीत.

वीस मिनिटांनी परत... हँग.

मग दोन तास काही नाही. मग लागोपाठ तीनदा.

रघुने रॅम काढली, तिचे पाय खोडरबराने घासले, परत बसवली. हँग. जुनी रॅम टाकली. हँग. पॉवर सप्लाय बदलला, बोर्डाची अर्थिंग तपासली, प्लग दुसऱ्या घरातून घेतला. हँग.

लतिकाच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली होती.

मशीन थिजायच्या जरा आधी पंख्याचा आवाज थांबायचा. फक्त पंख्याचाच नाही. गंगुबाईंचा रेडिओ, नळावरची भांडी, रस्त्यावरचे हॉर्न... सगळंच.

आणि त्या शांततेत, दाराबाहेर, चपला सरकल्याचा आवाज.

एका माणसाच्या नाहीत.

खूप माणसं रांगेत उभी आहेत, आणि रांग पुढे सरकत नाही म्हणून या पायावरून त्या पायावर होतायत... तसा.

ती उठून दारात गेली. गंगुबाई वाल सोलत होत्या. गल्ली रिकामी.

गंगुबाईंनी तिचा चेहरा बघून सुचवलं की मशीनवरून एक नारळ उतरवून टाक.

“आमच्यात नारळ खातात, मावशी. उतरवत नाहीत.”

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्या घरात भूतबाधा, लिंबू-मिरची यांना थारा नव्हता. भिवाने ते सगळं उंबऱ्याबाहेरच ठेवलं होतं. लतिकाने मनाशी ठरवलं, यंत्र आहे, बिघाड आहे, बिघाड सापडतो.

चौथ्या दिवशी रघुने कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं.

आणि बोटाने आत दाखवलं.

पंख्याच्या पात्यांमध्ये कापूस होता.

धूळ नाही. कापसाचे पांढरे, ताजे तंतू, पात्यांना गुंडाळलेले. वर तेलाचा वास. चार दिवसांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने नवा पंखा बसवला होता.

रघुने चिमूटभर तंतू बोटांत चोळून पाहिले.

“ह्यो रिंगखात्यातलो कापूस, लतिका. हाताक कळता माका.”

रिंगखातं म्हणजे सूत काततात ते खातं. भिवा तिथेच लागायचा. लतिका म्हणाली, गादीचा असेल कोणाच्या. रघुने पंखा साफ केला.

तासाभराने झाकण काढलं... पुन्हा कापूस.

रघु पडला वायरमन. बिघाडाची नोंद ठेवायची सवय. मशीन कधी थिजलं आणि तेव्हा लतिका कोणत्या नावावर होती, हे त्याने वहीच्या पानावर उतरवलं होतं. तो कागद त्याने हजेरीपटाला लावून पाहिला.

चार दिवसांत तेवीस वेळा हँग.

तेवढ्या पानांवर लतिकाने गाळलेले ‘ब’ही तेवीस.

नावं पटात तिकीट नंबराने होती. कुठे एका पानावर तीन बदली, कुठे चार पानांत एकही नाही. म्हणून बिघाडाला ताळतंत्र नाही असं वाटत होतं. ताळतंत्र होतं. ओळ चुकू नये म्हणून लतिका पटावर ठेवायची ती पट्टी एका ‘ब’वरून उडी मारून पुढच्या ‘क’वर गेली, की मशीन थिजायचं.

रघुने वही मिटली. त्याने सांगितलं, अण्णांना पट परत देऊन टाक.

लतिकाला राग आला. भीती वाटायच्या जागी राग येणं ही आमच्या घराण्याची जुनीच खोड. तिने मुद्दाम भिवाचं पान उघडलं. माझ्या बापाचं नाव तर मी गाळत नाही ना, मग बघू कोण अडवतं.

टाइप केलं. भिवा. पुढे ‘क’.

पंखा थांबला. रेडिओ थांबला. चपला...

या वेळी अगदी उंबऱ्याशी.

तिने मागे पाहिलं नाही. मशीन बंद केलं, चालू केलं, फाइल उघडली.

भिवा. पुढे ‘ब’.

रघु चाचरत म्हणाला, तुझ्या कीबोर्डावर ‘क’ आणि ‘ब’ शेजारी आहेत, बोट घसरलं असेल.

तिने ‘क’ केला, डोळ्यांनी वाचला, मोठ्याने उच्चारला, सेव्ह केला.

हँग.

उघडलं. ‘ब’.

तिसऱ्यांदा तेच झालं. तेव्हा लतिका खुर्चीत मागे टेकली. मग बोलली ती रघुशी नाही, पडद्यावरच्या नावाशी.

“बरं. एकटे येत नाही म्हणता. मग सगळ्यांना घेते.”

तिने पट पहिल्या पानापासून उघडला. जिथे जिथे पट्टीने उडी मारली होती तिथे परत गेली आणि एकेक नाव बसवलं, पुढे खणखणीत ‘ब’. मग उरलेली पानं, कोणालाही न गाळता. दोन दिवस लागले. दोनशे चौदा बदली भरले.

मशीन एकदाही अडलं नाही.

दारातला आवाज मात्र येत होता. फरक एवढाच, की आता रांग पुढे सरकत होती. एकेक पाऊल...

शेवटचं नाव पडलं, तेव्हा बंद झाला.

सोमवारी अण्णा आले. पानं चाळता चाळता त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं. त्यांनी आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. समजावणीच्या सुरात म्हणाले, “पोरी, तुझ्या बापाचं नाव तू तुझ्या हाताने घालवतेयस.”

“माझा बाप अकरा वर्षं तुमच्यासमोर रांगेत उभा होता, अण्णा. कधी मधे घुसला होता का?”

अण्णांनी पट उचलला आणि दादरच्या दुसऱ्या टायपिंगवाल्याकडे नेला. तिथे ‘ब’ गाळून यादी दोन दिवसांत पुरी झाली. मशीन एकदाही थिजलं नाही. हे मी मुद्दाम जाऊन विचारून आले. तिथे का नाही आणि लतिकाकडेच का, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही, आणि तेच मला जास्त छळतं.

लतिकाने आपली यादी छापली आणि गिरणीच्या बंद गेटावर स्वतः खळ लावून चिकटवली. माणसं यायची, बोट फिरवत नाव शोधायची. चंपा नावाच्या म्हाताऱ्या बाईने नवऱ्याचं नाव दोनदा वाचून घेतलं. पुढचं अक्षरही वाच म्हणाली.

आत्याला मी अजून विचारते. ती म्हणते, पंखा खराब होता. पण पंखा खराब होता म्हणणारी ही बाई आजही कुठलीही यादी टाइप करायला घेताना आधी विचारते, यातून कोणाला गाळलंय का. आणि दार सताड उघडं ठेवते.

आता कोणाला काय पडलं ते बघा. अण्णांना त्यांची यादी मिळाली, त्यांचं काही गेलं नाही. रघुचा एक पंखा गेला, आणि त्यानंतर त्याने त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. लतिकाचं समितीचं काम गेलं, घराची आशा गेली. दोनशे चौदा जणांना गेटावरचा एक कागद मिळाला, तोही आठवड्याभरात कोणीतरी फाडला.

सगळ्यात जास्त भरलं ते भिवाने. एका निळ्या आकड्यावर आत जाता येत होतं.

तो गेला नाही.