जुन्या ताण्याला नवा बीम

त्या काळात इचलकरंजीत कानामागं पट्टी नसलेला म्हातारा दाखवा आणि बक्षीस घ्या, अशी गत होती. कुणाची ऐकण्याची पट्टी, कुणाची हात थरथरू नये म्हणून बसवलेली. प्रल्हाद होगाडेची होती वाचापट्टी. बारा वर्षांपूर्वी मेंदूत रक्त साकळून त्याची वाचा गेली, तेव्हा बसवलेली. बोलायचा विचार आला की मेंदूतल्या केसाहून बारीक तारा तो टिपत, कातड्याखालची नखाएवढी पट्टी त्याचे शब्द करी आणि गळ्याजवळची टिकली ते बोलून दाखवी. बारा वर्षं गडी त्या पट्टीवर पोटभर बोलला. भांडलासुद्धा.

मग ऐन उन्हाळ्यात पट्टी जळाली. ती बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. सात महिने घरात शब्द नाही. त्याची बायको वैजयंता त्याला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत राहिली. शेवटी डॉक्टर सानवी नाडगौडांनी नवी पट्टी बसवली खरी, पण जुन्या तारांशी तिचं काही जुळेना.

"मध्ये तीन अडॅप्टर लावलेत, काकू," सानवी म्हणाली. "पहिला खाचेचा आकार जुळवतो, दुसरा विजेचा दाब. ते बसले. अडलंय ते तिसऱ्यापाशी. त्याला आम्ही दुभाषा म्हणतो. तारांची तीनशेवीस टोकं आहेत. कुठल्या टोकाचा अर्थ काय, तो तक्ता कंपनीबरोबर गेला."

"मग ह्यास्नीच इचारा की!"

"विचारलं हो. पण त्यांचं हो-नाही उलटसुलट होतंय. चहा हवा का म्हटलं तर मान नाही म्हणते आणि हात कप ओढतो. आणि 'पाणी म्हणा' म्हटलं तरी मनात खरंच पाणी आलं की दुसरंच काही, हे यंत्राला कळत नाही."

"मग आता?"

"पुढच्या सोमवारी कवटी उघडायची, जुन्या तारा उपसायच्या, नव्या घालायच्या." सानवीनं आवाज खाली आणला. "पण मेंदू त्या तारांभोवती वाढलाय. तारांबरोबर शब्दही निघून येतील कदाचित. कायमचे."

वैजयंता ताडकन उठली. एकतीस वर्षं तिनं मागावर ताणे, म्हणजे कापडाचे उभे धागे, सांधले होते. "आवो बाई, जुना ताणा कोण उपसतंय व्हय? ताणा गुंडाळलेला रूळ, त्यो बीम, संपला की आमी जुन्याचं शेपूट मागातच ठेवतो. नव्या बीमाचा येक येक धागा त्या शेपटाला गाठ मारून जोडायचा, मग माग हळूच फिरवायचा. जुनाच नव्याला वाट दाखवतोय. उपसला तर सगळं पयल्यापास्नं ओवा!"

सानवी तिच्याकडे बघतच राहिली. "पण गाठ कुठल्या टोकाला मारायची? त्यांच्या मनात काय आहे ते कोण सांगणार?"

"मी. मागाच्या खडखडाटात बोललेलं कवा ऐकू आलं आमा दोघास्नी? भुवई बघून संसार केलाय मी."

सोमवारला आठ दिवस होते. रोज चाळीस गाठी. सानवी संगणकाचा पडदा लावून बसे, प्रल्हाद खुर्चीत, समोर वैजयंता. ती म्हणे, "पाणी." पडद्यावर दोन-चार टोकं उजळत. ती नवऱ्याच्या भुवईकडे, डोळ्याच्या कोपऱ्याकडे टक लावून बघे. "अजून न्हाई. त्याचं ध्यान खिडकीकडं हाय... आता आलं. ही मार." सानवी ते टोक नव्या पट्टीतल्या 'पाणी'ला जोडी. खरं तर एका टोकाला एक शब्द इतकं साधं गणित नसतं, पण आपल्याला समजण्यापुरतं तसं धरू. मुख्य गाठी बसल्या की बाकीचं पट्टी आपोआप शिकते.

रविवारी तीनशेविसावी गाठ बसली. सानवीनं टिकली सुरू केली. घरघर झाली, मग शब्द आले, "च... चहा. साखर कमी घाल."

वैजयंता पदरात तोंड खुपसून हमसून रडली. सानवीनं आधी डोळे पुसले आणि मग सोमवारची शस्त्रक्रिया रद्द केली.

महिनाभर घर बोलत होतं. पण वैजयंताच्या नजरेतून काही सुटत नसे. तिला हाक मारण्याआधी नवरा क्षणभर अडे, भुवई आत वळे. आधी तिनं मनावर घेतलं नाही. मग मात्र तिला राहवेना. तिनं त्याला दवाखान्यात नेलं आणि सानवीसमोरच विचारलं, "माझं नाव घेताना काय हुतंय तुमास्नी?"

प्रल्हाद खाली बघत म्हणाला, "तुला हाक मारायची तर मनात आईला हाक मारावी लागते. 'आई' म्हटलं की तोंडून 'वैजू' येतं."

सानवीनं पडदा पाहिला. शेजारशेजारची दोन टोकं. गाठींची अदलाबदल झाली होती. "कापडात अशी चूक लगेच दिसली असती," ती हळूच म्हणाली. "इथं दिसली नाही, कारण मेंदूनंच स्वतःला वळवून घेतलं. अडॅप्टर आपण बाहेर बसवला असं वाटलं होतं मला. निम्मा यांनी आत बसवलाय."

वैजयंताचा चेहरा उतरला. एकतीस वर्षांत तिची गाठ कधी चुकली नव्हती. आणि चुकली ती नेमकी इथं! "सोड बाई ती गाठ. आत्ताच्या आत्ता."

"सोडता येईल," सानवी म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"नको," प्रल्हाद म्हणाला. "तीस वर्षं झाली म्हातारी जाऊन. कामाच्या धबडग्यात कधी आठवण काढली नाही तिची. आता दिवसातनं पन्नासदा निघते. राहू दे."

सानवीनं पडदा मिटला.

संध्याकाळी वैजयंता ओट्याशी भाकरी थापत होती. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "वैजू..."

तिचा हात पिठातच थांबला. त्याच्या मनात नक्की कोण होतं, हे आता भुवई बघूनही तिला सांगता आलं नसतं.

"ओ," ती म्हणाली. "आले रं बाळा."