न पिकणाऱ्या अळ्या

शेवटची कात टाकून बारावा दिवस उजाडला, तरी वहिनींच्या एकाही रेशीमअळीने कोष विणायला घेतला नव्हता.

कीटक तपासनीस बाई शेडमध्ये आली तेव्हा वहिनी आणि त्यांचे दीर दोन टोकांना पाठ फिरवून उभे होते. मध्ये भिंत. डावी बाजू दिरांची, उजवी वहिनींची. अंडी एकाच दिवशी उबवलेली, पाला एकाच तुतीच्या मळ्यातला. दिरांचे कोष चार दिवसांपूर्वीच तयार झाले होते.

"रोग आहे," दीर म्हणाले. "तसं लिहून द्या. आज जाळून टाकू. माझ्या बाजूला पसरला तर?"

"जाळायची एवढी घाई?" बाईने विचारलं.

"ठरलंय तसं. भाऊ गेल्यावर वहिनींनी लिहून दिलंय, पहिलं पीक बुडालं तर उजवी बाजूही माझी."

"लिहून दिलं नाही, लिहून घेतलं," वहिनी म्हणाल्या. "चितेची राख थंड व्हायच्या आत."

तपासनीस बाईने एक अळी तळहातावर घेतली. बोटाएवढी जाड, दुधासारखी पांढरी. विणायला आलेली अळी खाणं सोडते आणि अंग पिवळसर, पारदर्शक होतं. त्याला इथे पिकणं म्हणत. ही मात्र तळहातावरही पान शोधत होती. कुठे डाग नाही, दुर्गंधी नाही. रोगट अळीला अशी भूक नसते.

"पाला कसा देता?"

"पहाटे एकदाच तोडते. माणसं कुठायत माझ्याकडे? ओल्या गोणपाटाखाली झाकून दिवसभर पुरवते. झारीने पाणी मारते वरून."

"आणि तुम्ही?"

"मी चार वेळा ताजा तोडतो, कोरडाच देतो," दीर म्हणाले. "कष्ट लागतात त्याला."

"पाणी कुठलं?"

"मागच्या टाकीचं," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींना मात्र आठ दिवस झाले ते पाणी मानवत नाही. कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या आणतात. दारात टाकी असून."

"वास येतो त्याला."

तपासनीस बाई मागे गेली. टाकी उघडी होती. तिने पाणी हुंगलं, मग काचेच्या बरणीत घेऊन उजेडात धरलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तळाशी त्यांचे कोष मरून पडले होते. त्यातून बाहेर पडलेला डास एकही नव्हता.

"टाकी कधी धुतली?"

"अळ्यांनी शेवटची कात टाकली त्या दिवशी. दोघांनी मिळून घासली," वहिनी म्हणाल्या.

"नंतर त्यात कुणी काही टाकलं?"

दोघांनी एकदमच नाही म्हटलं. बाईने आरोग्य कार्यालयाला फोन लावला, दोन प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली आणि दोघांना वहिनींच्या अळ्यांच्या ताटांपाशी बोलावलं.

"हा रोग नाही," ती म्हणाली. "अळीच्या डोक्यामागच्या इवल्या ग्रंथीतून एक संप्रेरक पाझरतं. पेशींमध्ये त्याच्यासाठी ग्राही असतात. ती कुलपं म्हणा, संप्रेरक ही किल्ली. किल्ली कुलपात आहे तोवर शरीराला एकच हुकूम, खात राहा, अळीच राहा. शेवटच्या कातीनंतर ती किल्ली निघते. मग दुसरं संप्रेरक हुकूम देतं, विण, बदल. डासांच्या एका औषधात त्या पहिल्या किल्लीची नक्कल असते. कुलपात बसते, पण शरीराला ती सहज मोडून टाकता येत नाही. डास कोषातच मरतो. रेशीमअळी खातच राहते."

"म्हणजे सरकारी माणसांनी टाकीत टाकलं," दीर म्हणाले. "त्यांना धरा."

"ते घरी येऊन टाकत नाहीत. पाकीट सही घेऊन देतात. नऊ दिवसांपूर्वी ते तुम्ही नेलंत. सूचनाही ऐकलीत, रेशीमशेडजवळ वापरू नका."

"डास होते म्हणून टाकलं. एवढाच गुन्हा?"

"मग मघाशी नाही का म्हणालात? दुसऱ्या दिवसापासून स्वतःपुरतं पाणी नळावरून आणलंत, वहिनींना एका शब्दाने सांगितलं नाहीत. वासाचं म्हणाल, तर त्या औषधाला वास नसतो. शिवाय तुमचा पाला कोरडा. टाकीतलं औषध कुणाच्या अळ्यांच्या तोंडी जाणार, ते तुम्हाला ठाऊक होतं."

"सिद्ध करा."

"तुमच्या घाईनेच सिद्ध केलंय. त्या कार्यालयात तुम्ही विचारलं होतंत, असर किती दिवस राहतो. कारकुनाच्या लक्षात राहिलं, कारण लोक उलट विचारतात, लगेच लागू पडतं का. असर ओसरतो हे कळल्यावर तुम्हाला आजच जाळायला हवं होतं."

दिरांनी वहिनींकडे पाहिलं. "माझ्या भावानं उभी केलेली शेड ही. तुमच्या हाती मातीच झाली असती."

"तुमच्या भावाने माझ्या हातात दिली होती," वहिनी म्हणाल्या. मग बाईकडे वळल्या. "ओसरतो म्हणालात?"

"सगळ्यांत नाही. पण या अजून खातायत. आजपासून ताजा, कोरडा पाला दिला, दिवसातून चार वेळा, तर बऱ्याच पिकतील. कोष मोठेही होतील कदाचित. माझ्या अहवालात पीक बुडालं असं नसेल, लांबलं असं असेल. टाकीचंही असेल."

"चार वेळा. एकट्या बाईला जमायचं नाही ते," दीर म्हणाले.

वहिनींनी गोणपाट ओढून जमिनीवर टाकलं. खुंटीवरचा विळा काढला आणि मूठ पुढे करून दिरांसमोर धरला.

"तुमचं पीक तर निघालं, भाऊजी. हात रिकामेच आहेत. चला मळ्यात."