आकाशमल्ल आणि एकतिसावं पान

आधी एक कोडं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो आणि त्याच्याहून वेगाने बातमी नेणारं या विश्वात कोणी नाही. चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे बार्शीत बसून मी गुद्दा उगारला, तर चंद्रावर बसलेल्या आईला तो दिसायला सव्वा सेकंद लागणार, आणि तिने तो अडवला हे मला दिसायला आणखी सव्वा सेकंद. पण आमच्या खेळात मी गुद्दा उगारला की आई तो तिथल्या तिथे अडवायची. मग मधले अडीच सेकंद जायचे कुठे?

उत्तर सांगते, पण आधी थोडं माझ्याविषयी. मी नीरजा. व्हिडिओ गेमसोबत पालकांसाठी जी मार्गदर्शिका येते, ती लिहिणं हे माझं काम. मुलं ती वाचत नाहीत कारण ती पालकांसाठी असते, आणि पालक वाचत नाहीत कारण त्यांना वेळ नसतो. फार तर रक्त किती उडतं ते पान बघतात आणि ‘वाचलं’ या चौकटीवर बोट टेकवून मोकळे होतात. अशी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. ते माझे आजोबा, आईचे वडील, आप्पा.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. घरात आम्ही तिघंच: आई, आप्पा आणि मी. आप्पांनी सारी नोकरी समुद्राखालच्या संदेशवाहक तारांची देखभाल करण्यात घालवली होती. आई, म्हणजे हेमांगी, चांद्रतळावर इंजिनियर होती. चंद्रावरच्या काही खड्ड्यांत कधीच ऊन पोचत नाही, तिथला बर्फ खणून त्याचं पाणी करणारी यंत्रं ती सांभाळायची. वर्षभरासाठी गेली होती.

आम्हा दोघींचा लाडका खेळ होता ‘आकाशमल्ल’. जपानी ॲनिमेच्या धाटणीची मारामारी. योद्ध्यांचे डोळे बशीएवढे, केस वाऱ्याशिवाय उडणारे, आणि प्रत्येक फटक्याआधी त्या फटक्याचं नाव ओरडून सांगायची रीत. आप्पा म्हणायचे, मारणार आहे असं आधी जाहीर करतो तो कसला मल्ल. त्याच खेळाला जोडून ‘चांद्रपर्व’ नावाचा नवा भाग आला. त्यात चंद्रावरच्या माणसाशी पृथ्वीवरून सामना खेळता यायचा. पण त्यासाठी घरातल्या मोठ्या माणसाची परवानगी हवी होती. आप्पा म्हणाले, वाचल्याशिवाय मी ‘वाचलं’ म्हणणार नाही. चाळीस पानांना त्यांनी तीन दिवस घेतले, तेही लाल पेन्सिल घेऊन. मी त्या तीन दिवसांत त्यांच्याशी धड बोलले नाही.

बाराव्या पानावर रक्ताऐवजी फुलांच्या पाकळ्या उडतात असं लिहिलं होतं, ते त्यांना पसंत पडलं. एकतिसाव्या पानावर मात्र त्यांनी मला हाक मारून शेजारी बसवलं.

तिथे कोड्याचं उत्तर होतं. अंतरामुळे होणाऱ्या विलंबावर (संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत जाणाऱ्या वेळेवर) काही इलाज नाही. म्हणून यंत्र थांबतच नाही. समोरच्या खेळाडूच्या सवयी ते शिकतं आणि त्याची पुढची चाल काय असेल याचं भाकीत (आधीच्या वागण्यावरून बांधलेला अंदाज) करून तेच पडद्यावर दाखवतं. मग खरी चाल येऊन पोचते. अंदाज बरोबर निघाला तर ठीक. चुकला तर यंत्र क्षणभर मागे जातं, चूक पुसतं आणि खरं घडलेलं चित्र लावतं. यालाच माघार-दुरुस्ती (मागे जाऊन केलेली सुधारणा) म्हणतात. पडद्यावर तेव्हा बारीकसा झटका बसतो.

मला नीट कळलं नाही. आप्पांनी चहाचं उदाहरण दिलं. शेजारचे झाडबुके काका रोज पाचला चहाला यायचे. ते फाटकात दिसायच्या आधीच आप्पा त्यांच्या कपात दोन चमचे साखर घालून ठेवायचे. काका कधी म्हणाले की आज बिनसाखरेचा द्या, तर तो कप ओतून दुसरा. दोन चमचे हे भाकीत, ओतून टाकणं ही दुरुस्ती.

मी विचारलं, आणि काका आलेच नाहीत तर? आप्पांनी पुस्तिकेतल्या एका वाक्यावर पेन्सिल ठेवली. संदेश पुढे पाठवणारे उपग्रह अधूनमधून चंद्राच्या आड जातात, तेवढा वेळ खऱ्या चाली येत नाहीत. मुलांचा विरस होऊ नये म्हणून सामना संपेपर्यंत यंत्र नुसत्या अंदाजावर खेळत राहतं आणि तसं सांगत नाही. या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. मग चौकटीवर बोट टेकवलं.

त्यानंतर रोज साडेसहाला आमचा अकरा फेऱ्यांचा सामना व्हायचा. आई मला मुद्दाम जिंकू देणाऱ्यांतली नव्हती. एकशे बारा सामने झाले आणि एकशे बारा मी हरले. तिचं वचन होतं, ज्या दिवशी तू मला हरवशील त्या दिवशी मी ते चांद्रतळाच्या स्पीकरवरून सगळ्यांना ओरडून सांगेन. मला तेवढंच हवं होतं. चंद्रावर माझं नाव घुमायला हवं होतं.

सामना संपला की आम्ही एकमेकींना नमस्कार करायचो. दोन्ही अंगठ्यांनी दोन बटणं दोन सेकंद दाबून धरली की योद्धा हात जोडतो. नमस्काराशिवाय उठायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता.

एकशे तेराव्या सामन्यात चौथ्या फेरीच्या मध्येच एक झटका बसला, आईच्या योद्धीचे हात अर्धवट जवळ आले आणि लगेच तिने मला सणसणीत गुद्दा मारला. आई गोंधळली असं वाटून मी हसले. त्यानंतर खेळ इतका सुरळीत चालला की विचारू नका. एक झटका नाही की काही नाही. मी आप्पांना म्हणालेसुद्धा, आज काय मस्त चाललंय. आप्पा मागे खुर्चीत बसले होते. ते घड्याळाकडे बघत होते. मी सहा विरुद्ध पाच अशी जिंकले, उड्या मारल्या, नमस्कार केला. समोरून नमस्कार आला नाही. मला वाटलं, हरल्यामुळे रुसली असेल, किंवा स्पीकरकडे धावली असेल. मी तिच्या आवाजाची वाट बघत बसले.

सव्वाआठला फोन आला. आप्पा उभे राहून ऐकत होते. मग ते येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे दुखायचे, ते कधी जमिनीवर बसत नसत. त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. विश्रांतीच्या खोलीची भिंत फाटली, आतली हवा निघून गेली. आई आणि तिचे दोन सहकारी वाचले नाहीत. वेळ होती सहा सत्तेचाळीस.

मी म्हणाले, हे खोटं आहे, सात वाजता ती माझ्याशी खेळत होती.

“नीरू, सहा सत्तेचाळीसनंतर एकही झटका बसला नाही,” आप्पा म्हणाले. “कपात साखर आपणच घालत होतो. प्यायला कोणी आलं नव्हतं.”

मी कितीतरी वेळ रडले. रडून थकल्यावर विचारलं, की त्यांना केव्हा कळलं. आठव्या फेरीला, ते म्हणाले. आधी वाटलं उपग्रह आड गेला असेल. मग घड्याळ पाहिलं, आणि उपग्रह आड जायची ती वेळ नव्हती. मी त्यांच्यावर ओरडले, मग खेळ बंद का नाही केला?

“त्या पडद्यावर माझी हेमा अजून हलत होती,” आप्पा म्हणाले. “माझ्याने बंद करवलं नाही.”

तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की माझी आई गेली तशी त्यांची मुलगीही गेली होती.

पुढे महिनाभर मी त्या यंत्राला हात लावला नाही. मग एका सकाळी आप्पांना म्हणाले, की खरा भाग कुठे संपला ते मला बघायचंय. खेळात नोंदपट (कोणतं बटण कोणत्या क्षणी दाबलं याची यादी) असतो. चंद्राहून आलेल्या खऱ्या चाली त्यात निळ्या असतात आणि यंत्राचे अंदाज करडे. आम्ही निळ्या ओळींवरून खाली येत गेलो. शेवटची निळी ओळ चौथ्या फेरीतली होती. दोन्ही बटणं एकदम दाबलेली, अर्धा सेकंद. त्याखाली सगळं करडं.

दोन बटणं म्हणजे नमस्कार. त्याला दोन सेकंद लागतात आणि तिच्याकडे अर्धाच होता. सामन्याच्या मध्ये नमस्कार कोणीच करत नाही, म्हणून यंत्राने ती चूक समजून हात सोडवले आणि गुद्दा मारला. त्याच गुद्द्याला मी हसले होते.

मी आप्पांना विचारलं, आई मला नमस्कार करत होती ना? ते हो म्हणाले असते तर मला फार बरं वाटलं असतं. पण ते तंत्रज्ञ होते आणि माझ्याशी खोटं बोलत नसत.

“दोन बटणं दाबली गेली, एवढं खरं,” ते म्हणाले. “का दाबली, ते इथे लिहिलेलं नाही. धक्क्याने बोटं आवळली गेली असतील. किंवा तू म्हणतेस तसंही असेल.”

“मग मी अंदाज करू?”

“कर. मीही केलाय. फक्त तो अंदाज आहे हे विसरू नकोस. तो दुरुस्त करायला आता तिकडून कोणी येणार नाही.”

मग आम्ही दोघांनी एकेक अंगठा बटणावर ठेवला आणि पूर्ण दोन सेकंद दाबून धरला. माझ्या योद्धीने हात जोडले. समोर कोणी नव्हतं, आणि कोणी आहे असं त्या वेळी यंत्रानेही दाखवलं नाही.

आता आप्पाही नाहीत. एकशे तेरावा सामना मी जिंकले की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण मोठी झाल्यावर मी या खेळांच्या कंपन्यांच्या इतकी मागे लागले, की शेवटी त्यांनी एक गोष्ट बदलली. खऱ्या चाली यायच्या थांबल्या, की समोरच्या योद्ध्याचे रंग आता हळूहळू फिके होत जातात. मुलांना ते आवडत नाही. खेळाची मजा जाते म्हणून ती मला तक्रारीची पत्रं लिहितात, आणि मी प्रत्येक पत्राला उत्तर देते.

सध्या ‘मंगळपर्व’ची मार्गदर्शिका माझ्या टेबलावर आहे. मंगळावर संदेश पोचायला कधी तीन मिनिटं लागतात, कधी वीसच्याही वर. तिथे यंत्राला फार मोठे अंदाज बांधावे लागतील, ते खूपदा चुकतील आणि झटकेही मोठे बसतील. तिथे गेलेल्या माणसांची मुलं इथे वाट बघत असणार, तेव्हा खेळ तर हवाच. रक्ताचं पान मी लिहून टाकलंय, ते सगळे वाचतीलच. एकतिसाव्या पानावर यंत्र काय करतं ते नीट समजावलंय, चहाच्या उदाहरणासकट. खाली पालकांसाठी एक वाक्य आहे आणि त्याखाली मी स्वतःच लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आहेत: झटके बसत असतील तर खेळ बिघडला असं समजू नका, पलीकडे कोणीतरी आहे; झटके थांबले, तर हातातलं काम ठेवा आणि मुलाजवळ जाऊन बसा.