बटणावर हात नव्हता

गॅरेजचं शटर वर करून धाकटा पाने मांडत होता, तोच टेम्पो थांबला आणि शाळेतल्या बाई उतरल्या. मागोमाग त्यांची मोटरसायकल उतरली. गाडी त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर बाई ती चालवायला शिकल्या आणि शिकवलं ते दादाने. हे गॅरेजही दादाचंच. धाकट्याच्या हातात पहिला पाना दिला तोही त्यानेच.

“दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण बटण दाबलं की ही बया ढिम्म,” बाई म्हणाल्या. “बदलीच्या गावी सगळ्यांनी हात टेकले. म्हटलं, दादांनाच दाखवावी. आहेत कुठे ते?”

धाकटा खाली वाकून उगाच साइड स्टँड न्याहाळू लागला.

दादा घरी होता. झटका आल्यापासून उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती. एकदा धाकट्याने त्याला हौसेने आणून इथल्या खुर्चीवर बसवलं, तर ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत राहिली. नवी गाडी घेऊन आलेल्या दोघांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. “हेच का तुमचे वस्ताद?” धाकटाही त्यांच्याबरोबर हसला होता, ओशाळं, कसनुसं. दादाने ते पाहिलं. पुन्हा काही त्याने दादाला आणलं नाही. आणि घरी आजारी आहे म्हणावं, तर लोक भेटायला निघत.

“दादा वारले,” तो म्हणाला.

बोलून गेला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

“अरे, कळवायचं तरी.”

“अचानकच झालं सगळं.”

तोंड लपवायला काम बरं असतं. त्याने सीट काढली, बॅटरीला मीटर लावला. बॅटरी भरलेली होती. फ्यूज शाबूत. क्लचचा स्विच ठीक, स्टँडचा ठीक. स्टार्टरला बॅटरीतून सरळ वायर दिली, तर तो गरकन फिरला. एकेक भाग चोख होता; बटण दाबलं की मात्र सगळे मिळून गप्प.

“बाई, जरा बटण दाबता?”

ही दोघा भावांची जुनी रीत. एकाने वर बटण दाबायचं, दुसऱ्याने चाचणीचा दिवा वायरीला लावून खाली उकिडवं बसायचं. दादा कधी एकदम दाबत नसे. आधी दोनदा हलकेच, मग एकदा नेटाने. सैल जोड हलक्या बोटालाच सापडतो, म्हणायचा.

बाईंनी दाबलं. दिवा लागला नाही.

“सोडा.”

दिवा लागला. हलकेच दोनदा. मग लागला तो लागूनच राहिला.

“बाई, सोडा म्हटलं ना.”

“कधीच सोडलं की रे.”

त्याने मान वर केली. बाईंचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते.

त्याने बटणाची वायर उपसून काढली. बॅटरीही काढून फरशीवर ठेवली. हातातला दिवा पुन्हा लागला. हलकेच, हलकेच, मग नेटाने.

फोन वाजला. वहिनी होती.

“भाऊजी, यांचा अंगठा हलतोय! उजवा! चादरीवर सारखा काहीतरी दाबताहेत.” तिला रडू आणि हसू एकदमच येत होतं. “पण घामाने नुसते डबडबलेत हो. डोळ्यांकडे बघवत नाही. तुम्हालाच बोलावत असतील. कोण आलंय का तिकडे?”

“घरून आहे का?” बाईंनी हळूच विचारलं. “एकटी पडली असेल रे बिचारी.”

आत्ता सांगता आलं असतं. एवढंसं वाक्य होतं. पण बाईंचे डोळे अजून ओले होते, आणि त्या डोळ्यांसमोर आपण कसे दिसू, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने फोनवर तळवा दाबून धरला.

“हो. एकटीच आहे.”

दिवा विझला.

“नंतर बोलतो, वहिनी,” म्हणून त्याने फोन ठेवला. बॅटरी बसवली, वायर जोडली. बाईंनी बटण दाबलं आणि गाडी पहिल्या दमात सुरू झाली.

“दादांचा हात उतरलाय तुझ्यात,” बाई म्हणाल्या.

त्याला जमीन दुभंगावीशी वाटली.

गाडी घराकडच्या वळणाला वळली, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, बाई सांत्वनाला चालल्या आहेत. तो पळत सुटला. वाटेतच पुन्हा फोन आला. वहिनी कुजबुजत होती.

“बाई आल्यात. सरळ पलंगावर बसल्या, भाऊजी, यांच्या पायांवर! मी ओरडले, तर मलाच जवळ घेतलं. म्हणतात, खोली किती ओकीबोकी झाली. हे त्यांच्याकडे टक लावून बघताहेत आणि त्या... तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

फोन तसाच मुठीत धरून तो धावत राहिला.

दारातच बाई भेटल्या. त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

“तिला जप रे. रिकाम्या पलंगाशी बोलत बसलीय.”

“बाई, मी खोटं बोललो. दादा आहे. आत आहे.”

बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “असंच वाटतं रे. मलाही किती दिवस वाटायचं.”

तो आत गेला. उंबऱ्याशीच मान खाली घालून उभा राहिला. वर बघायचा धीर होईना.

“दादा, चुकलं माझं.”

“बघा ना, कसे टकामका बघताहेत तुमच्याकडे,” वहिनी म्हणाली.

त्याने मान वर केली. चादरीला एकही सुरकुती नव्हती. उशीचा अभ्रा सपाट होता. वहिनी पलंगाच्या कडेला दुधाची वाटी घेऊन बसली होती. तिने चमचा भरला, फुंकर घातली आणि उशीच्या थोडा वर धरला.

चमचा तिथे जरासा थांबला आणि रिकामा होऊन परत आला.