आठव्या पाकिटातला वाल

"वालाच्या पाल्याची भाजी नाही होत, मॅडम."

मी दचकलेच. एकोडीत कोणाच्या तरी कुंपणावरच्या वेलाचं कोवळं पान तोडून मी पाकिटात टाकत होते, आणि पाठीमागे वेलाचा मालक सायकल धरून उभा! दवानं भिजलेले हात पुसत मी घाईघाईनं सांगितलं — मी राखी, साकोलीच्या कॉलेजात गावठी वालावर संशोधन करते. पानातला डीएनए तपासून कोणता वाल कोणाचा सख्खा आणि कोणाचा चुलत, ते बघते. ऐकता ऐकता तो हसला. एका गालाला खळी पडली... मी मुद्दाम पाकिटाकडे बघितलं.

त्याचं नाव प्रविण. दारोदार तुम्ही कशाला फिरता, मीच पानं आणून देतो, म्हणाला. मग दर बुधवारी प्रयोगशाळेच्या दारात यायचा, हातात एक पाकीट, त्यावर एका घराचं नाव. पाकीट द्यायला मिनिट पुरतं, आम्हाला तास लागायचा. बुधवारी मी ओढणी दोनदा बदलायचे, खोटं कशाला बोलू?

आठ पाकिटं झाली, निकाल आला आणि माझं तोंडच उतरलं. आठही नमुन्यांतल्या डीएनएच्या खुणा तंतोतंत सारख्या! पोरानं एकाच वेलाची पानं आणून दिली, माझे मार्गदर्शक सर म्हणाले; एकोडीचं नाव यादीतून काढ.

रागाच्या भरात मी प्रविणला फोन करून खोटारडा म्हटलं. त्यानं फोन ठेवला. पुढच्या बुधवारी दारात कोणीच नव्हतं.

मला राहवेना. शनिवारी एकोडी गाठली आणि पाकिटांवरच्या नावांची एकेक दारं वाजवली. रुखमाकाकू हसल्या. "हा वाल कौशल्याबाईनं देल्ला ना वं, संक्रांतीच्या वाणात. आळीत साऱ्याईलेच देल्ला."

कौशल्याबाई म्हणजे प्रविणची आई. आसगावच्या माहेराहून आणलेलं बी तिनं वाण म्हणून लुटलं होतं. एकाच बियाचे वेल घरोघरी चढले होते, आणि मी मात्र भल्या माणसाला खोटं पाडलं! सात घरं झाली. आठव्या, भय्याजींच्या घराला कुलूप होतं.

प्रविण त्याच कुंपणाशी भेटला. माझं चुकलं, मी म्हटलं, आता एकोडी यादीत राहणार, या वाणाच्या गोष्टीसकट.

त्यानं मान खाली घातली. "सात पाकिटं खरी हायेत. आठवं... आमच्याच येलाचं होतं. भय्याजी त सालभरापासून नागपूरले हायेत."

"काहून पण?"

"घरं सरली होती. बुधवार त आलाच ना."

मला हसू आवरेना. "हे मशीनला कधीच समजलं नसतं."

"म्हणूनच सांगून राहिलो," तो म्हणाला. "तुमच्यासंग खोट्यानं सुरुवात नाही करायची मले."

मी पर्समधून नमुन्यांची यादी काढली आणि त्याच्यादेखत आठवं नाव खोडलं.

"आता बुधवारी काय आणू?" त्यानं हळूच विचारलं.

"काही नको. रिकाम्या हाती या."

तो खरंच तसा आला. त्या दिवशी मी ओढणी तीनदा बदलली होती.