शेळ्यांच्या मागं मागं

उत्तरेश्वरनं तीन दिवस खपून पुस्तकातून उतरवलेली पाखरांची यादी छबूच्या चांदी शेळीनं उभ्या उभ्या खाऊन टाकली.

"अगं ए! संस्थेचा कागद हाय तो!"

"मंग संस्थेला म्हणावं, चारा द्या," छबू म्हणाली. "दोन साल पाऊस न्हाई. कागदबी गोड लागतोय तिला."

उत्तरेश्वर गावच्या दूध संस्थेचा सचिव. एरवी टेबलामागं इस्त्रीच्या सदऱ्यात बसायचा. आज आष्टीच्या वरच्या डोंगरात, हातात बादली आणि कानापर्यंत चुना. छबूनं हसू ओठातच दाबलं. फुकट हसणारी पोर नव्हती ती.

दुष्काळानं दूध आटलं, तेव्हा संस्थेनं नवं काम काढलं होतं. शहरातल्या पाहुण्यांना पाखरं दाखवायची, त्यासाठी डोंगरातली एक वाट निवडायची. निवडलेल्या वाटेवर पाखरांसाठी हौद, आणि तो उन्हाळाभर टँकरनं भरायचा. उत्तरेश्वरनं तलावाच्या भिंतीकडची वाट धरली होती. झाडून काढली, काटे तोडले, दगडांना चुना फासला.

"हितं कावून येतील पाखरं?"

"एवढी साफ केलीय की!"

"पाखरू काय जावई हाय, रंगरंगोटी बघून यायला?"

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. "मग... कुठं हायत पाखरं?"

"माझ्या शेळ्यांच्या मागं."

एवढं बोलून ती निघाली. पण संस्थेचा हौद तिच्या डोक्यातून जाईना; त्यावर शेळ्याही पाणी प्यायल्या असत्या. पाणी संपलं म्हणून बापानं, सुग्रीवनं, ठरवलं होतं — येत्या बाजारी शेळ्या विकायच्या आणि ऊसतोडीला जायचं. ऊसतोडीत एका कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून जाता जाता छबूचं लग्नही उरकायचं. कुणाशी, हे तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना सचिव हजर. पांढराफेक सदरा!

"बगळा म्हणून आलात व्हय?" छबूनं आपलं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं. "शेळी चालली की चालायचं, थांबली की थांबायचं. बोट दावायचं न्हाई."

घोंगड्याला धुराचा, पाल्याचा वास होता. तो गुमान चालू लागला. शेळ्यांच्या खुरांनी किडे उडत, आणि कोतवाल पक्षी त्यांच्या पाठीवरून झेपा घेत. दोन हातांवर चितुरांची जोडी दाणे टिपत होती. माणसाला बघून भुर्रकन उडणारी पाखरं शेळ्यांत मिसळलेल्या माणसाला मोजतच नव्हती.

"पाखरू तिकडं हाय," छबू हळूच म्हणाली. "हिकडं काय बघता?"

"दिसलं... मला."

छबूनं चांदीला उगीचच एक काठी मारल्यासारखी केली. कान मात्र तिचेच तापले.

पाहुणे आले ते बाजाराच्या आदल्या दिवशी. चेअरमन अर्जुनरावांनी त्यांना थाटात चुन्याच्या वाटेनं नेलं. तासभर दुर्बिणी फिरल्या. दिसला एक कावळा, तोही जाताना.

उत्तरेश्वर पुढं झाला. "चेअरमन साहेब, वाट मी चुकीची धरली. खरी वाट छबूची हाय. शेळ्यांमागं चालायचं."

"पाहुण्यांना शेळ्यांमागं? लाज काढतो का बे?"

छबू कळपातून सरळ समोर आली. "लाज कावळ्यानं काढली, साहेब. तुमच्या चुन्याला भ्यालेली पाखरं माझ्या शेळ्यांत बसल्यात. बघायची असतील तर चला."

सगळे चालले. शेळीच्या चालीनं, तोंड मिटून. चंडोल, होला, वेडा राघू, खाटीक, आणि शेवटी मुरमाड माळावर तुरुतुरु पळणारा धाविक. एकतीस जातींची पाखरं! एका डॉक्टरीण बाईनं तर चांदीला मिठीच मारली. चेअरमननं तिथंच काठी रोवली, "हौद हितं बांधायचा. पाहुण्यांना छबूच फिरवील, पगार संस्था देईल." सुग्रीवनं बाजारासाठी काढलेली दावी पुन्हा खुंटीला टांगली आणि ऊसतोडीचा बेतही सोडला.

पाहुणे गेले. उन्हं कलली. उत्तरेश्वर नवी यादी घेऊन आला.

"वाचा," छबू म्हणाली.

एकतीस नावं धडाधड वाचली. बत्तिसाव्याला तो अडखळला. "आन हे... ते..."

"सचिव असून वाचता येईना?"

"छबू," तो म्हणाला. "बत्तिसावं नाव तुझं हाय. मला जोडी पाहिजे. कोयत्याला न्हाई... जल्माला. तुझं काय म्हणणं हाय?"

आजवर कुणी न विचारलेलं यानं विचारलं. छबूनं कागद त्याच्या हातातून काढला नि चांदीपुढं धरला. बत्तीसच्या बत्तीस गेली.

"अगं!"

"माझं म्हणणं हे, की असलं कागदावर लिहायचं न्हाई. खाली माझा बा बसलाय. तिथं तोंडानं सांगायचं. मी शेजारी उभी ऱ्हाते."

त्यानं घोंगडं अंगावर ओढलं. दोघं शेळ्यांत मिसळून वस्तीकडं उतरू लागले, सावकाश, शिकवलं होतं तसं. वाटेत चितुरांची जोडी दाणे टिपत होती. दोघं अगदी जवळून गेले, तरी उडाली नाही.