मुझम्मिलने जोडलेली पानं

आमची पहिली भेट भांडणाने झाली आणि ते भांडण मी जिंकलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण मुझम्मिल हीच गोष्ट सांगतो तेव्हा जिंकणारा बदलतो.

अमिरातीतल्या अल ऐनमधला एक इंग्रज म्हातारा बंगला रिकामा करून कायमचा मायदेशी निघाला होता. अंगणातल्या खजुराखाली त्याने सामान विकायला मांडलं होतं. मी गेले होते पुस्तकांसाठी. इथल्या एका शूटिंग क्लबमध्ये मी सेफ्टी ऑफिसर आहे. नेमबाजांची रिकामी काडतुसं आमच्या परवाना असलेल्या खोलीत पुन्हा भरली जातात. कुठल्या काडतुसात कुठली पावडर किती भरायची, हे सांगणाऱ्या मॅन्युअल्सचं एक कपाट उभं करायचं काम मालक युसुफसाहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. एका खोक्यात तसलंच एक मॅन्युअल दिसलं. मी हात घातला... आणि पलीकडून आणखी एक हात आला.

लांब बोटं. नखांच्या कडेला वाळलेली खळ.

"एक्सक्यूज मी, मैंने पहले देखा," तो म्हणाला.

"देखा होगा. पकडा मैंने."

तो सोडेना, मीही सोडेना. "काय चिकट माणूस आहे!" मी पुटपुटले.

"पुस्तकं चिकटवायचाच धंदा आहे," तो शुद्ध मराठीत म्हणाला आणि हसला. "मुझम्मिल. गाव राजापूर. दुबईत अल कुसैसमध्ये जुन्या पुस्तकांचं दुकान आहे."

"झारा. हर्णै. आता सोडा."

"अहो, पहिली आवृत्ती आहे! सोनं आहे सोनं!"

"सोनं घ्यायला देराच्या सोनेबाजारात जा. इथे जुनं ते सोनं चालत नाही. पावडरचं नाव तेच राहतं, पण कंपनी ती आतून बदलते. तेव्हाचा आकडा आजच्या पावडरला लावला तर बोटं जातील."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. जरा जास्तच वेळ. "म्हणजे हे तुम्हाला नकोच आहे?"

"नकोच आहे. पण तुम्ही इतकं ओढलंत की सोडवेना." मी हात काढला. "घेऊन जा. बदल्यात मला नव्या आवृत्त्या शोधून द्यायच्या."

त्याने मान डोलावली. आता सांगा, कोण जिंकलं?

मग तो दर शनिवारी अल कुसैसहून गाडी हाकत यायला लागला. डिकीत पुस्तकं, हातात करक चहाचे दोन कप. क्लबच्या दाराशी, त्याच्या गाडीच्या बॉनेटवर आमचं दुकान मांडलं जायचं. तो जमवायचा, मी निवडायची. गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचं मॅन्युअल पास. पावडरवाल्यांचं ताजं पास. नवशिक्यांसाठी ढीगभर चित्रांचं, तेही पास. कुणा हौशी माणसाने स्वतःच्या अनुभवावर छापलेलं सरळ नापास.

"इतकं सुंदर कव्हर आहे गं," तो हळहळायचा. अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं.

"कव्हर बघून पोरी पसंत करतात. मॅन्युअलची आधी प्रस्तावना वाचायची, आकडे नंतर. आणि एकच पुस्तक कधी खरं धरायचं नाही, दुसऱ्याशी ताडून बघायचं."

"हो, मॅडम." मग चहाच्या कपात बघत, "तू सगळं निवडतेस... मला कधी निवडणार?"

"तू वेटिंग लिस्टवर आहेस."

साफ खोटं होतं ते. वेटिंग लिस्टवर दुसरं कुणी नव्हतंच. शनिवार यायच्या आधी मी दोनदा ओढणी बदलायची, आणि तो निघून गेला की पार्किंग उगाच मोठं वाटायचं. मी त्याच्या प्रेमात पडले होते, सरळ सांगायचं तर धपकन पडले होते.

एका शनिवारी तो जरा गंभीर होऊन म्हणाला, "युसुफसाहेब क्लबच्या सगळ्या लायब्ररीची ऑर्डर मला देतायत. सोमवारी साइन आहे. ती झाली की तुझ्या घरी अम्मीकडे येतो. हव्वाबींच्या दारात उभं राहून 'जुनी पुस्तकं विकतो' एवढंच कुठल्या तोंडाने सांगू? हातात काहीतरी पाहिजे ना, झारा."

"आणि नाही झाली तर?"

"इन्शाल्ला होणारच." त्याने डिकीतून एक पुस्तक काढलं. छऱ्याच्या काडतुसांचं मॅन्युअल, मी कधीची शोधत होते ते. नवी शिलाई, मरून कापडाची बांधणी. "हे तुझ्यासाठी. मी स्वतः बांधलंय."

मी ते छातीशी धरून आत नेलं. लाजच वाटली नाही.

सोमवारी सकाळी पाऊस आला. अल ऐनमध्ये पाऊस म्हणजे सणच. एरवी कोरडी पडलेली वादी नदीसारखी वाहताना बघायला सगळे मेंबर गाड्या काढून पळाले. ऑफिसात मी आणि युसुफसाहेब. टेबलावर ऑर्डरचे कागद आणि बाजूला ते मरून मॅन्युअल. मी ते दुसऱ्या पुस्तकाशी ताडून बघायला नुकतंच उघडत होते. तेवढ्यात दार ढकलून मुझम्मिल आत आला, केसांतून पाणी निथळत.

"किती फोन केले! उचलला का नाहीस?"

"ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये असतो, माहितीय ना तुला. काय झालं?"

"ते पुस्तक वापरू नका." तो युसुफसाहेबांकडे वळला. "सर, इसके चार पेज पुराने एडिशन के हैं. मेरी कॉपी के पेज फटे थे. मैंने पुरानी कॉपी से निकालके लगाए."

मी पुस्तक मिटलं. "मुझम्मिल... काय केलंस हे?"

"आमच्या धंद्यात अपुरं पुस्तक पुरं करणं म्हणजे सवाबाचं, पुण्याचं काम, झारा. टाके दिसत नाहीत म्हणून खूश होतो मी. आज पहाटे कंपनीच्या साइटवर या नव्या आवृत्तीची प्रस्तावना वाचली. तू म्हणतेस म्हणून. त्यात छापलंय, पावडर बदललीय, आधीच्या आवृत्तीचे आकडे वापरू नका." त्याने ओला चेहरा बाहीने पुसला. "तसाच गाडी काढून निघालो."

युसुफसाहेबांनी पेनला टोपण लावलं. "साइन होने के बाद भी बता सकते थे."

"तब तक कोई पढ़ लेता तो, सर?"

साहेबांनी समोरचे कागद गोळा केले. मग ते ड्रॉवरमध्ये टाकले. "सच बोला, शुक्रिया. लेकिन ऑर्डर खलास. सेफ्टी में दूसरा चान्स नहीं देता मैं."

तो सलाम करून बाहेर पडला. मी त्याच्या मागे धावले. पार्किंगमध्ये पाऊस चांगलाच लागला होता आणि तो गाडीच्या दारावर हात ठेवून नुसता उभा होता.

"संपलं," तो म्हणाला. "आता हव्वाबींकडे कसा येऊ?"

"तू मूर्ख आहेस."

"आहे."

"ती चूक मी पकडलीच असती, आज नाही तर उद्या. मी आहे इथे, झोपा काढत नाही. पण मी पकडणं वेगळं... आणि सगळं हातात आलेलं असताना तू स्वतः येऊन सांगणं वेगळं." मी त्याचा ओला हात दारावरून काढला आणि माझ्या दोन्ही हातांत घेतला. "तुझी ऑर्डर मला कधी हवी होती रे? तू हवा होतास. माझं तुझ्यावर प्रेम आहे. ऐकलंस? की पावसात ऐकू येत नाही?"

"ऐकलं," तो म्हणाला. "पण पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं नाही. पळत जाऊन लॉकरमधून फोन आणला आणि त्याच्यासमोर अम्मीला लावला.

"अम्मी, शुक्रवारी पाहुणे येतायत."

"कोण गो?"

"मुझम्मिल. राजापूरचा. मी लग्न करणार आहे त्याच्याशी."

पलीकडे भांड्याचा आवाज थांबला. मुझम्मिल डोळे मिटून उभा होता. "करतो काय तो?"

"जुनी पुस्तकं विकतो. आणि आत्ताच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घालवून उभा आहे."

"या अल्ला! कसं घालवलं?"

"खरं बोलून."

पलीकडे पुन्हा भांडं वाजलं. मग नेहमीचा, सगळ्या घराला कामाला लावणारा तिचा आवाज आला.

"त्याला सांग, शुक्रवारी उपाशी ये म्हणावं. मी सांदणं करते."